सैल विटा

गुरुवारी दुपारी आम्ही विटा मोजायला निघालो.
हसू नका. मागच्या ऑगस्टात
टॅनर्स रोच्या कोपऱ्यावरची बुटकी भिंत
वीस मिनिटांत नाहीशी झाली,
आणि मग एकेक वीट करत
आमच्या ढालींवर परत आली.

तेव्हापासून रस्ता मला
हातात काय येईल या नजरेनेच दिसतो.
कुंड्या. गवंडी विसरून गेलेलं घमेलं.
चाकांचे कचऱ्याचे डबे, जे पेटले की उताराने
स्वतःच चालत येतात.
कॉन्स्टेबल डेनझिल वही धरतो, मी बोट दाखवते.
"सार्जंट, हे पालिकेचं काम ना?"
पालिकेचंच. पण तहान लागल्यावर विहीर
आम्ही एकदा खणून पाहिलीय,
पाणी लागलं तोवर लायब्ररी जळून गेली होती.

मोसद्दिक दुकानाच्या काचेवर फळ्या ठोकत होता.
तोंडात स्क्रू, त्यामुळे शब्द तुटक:
"लावल्या तर भ्यालो असं दिसतं.
नाही लावल्या तर काच जाते.
तूच सांग."
माझ्या प्रशिक्षणात याचं उत्तर नाही.
पायाशी पेट्रोलची बाटली फुटली तर
ओळ न मोडता कसं चालायचं, ते आहे.
मी फळीचं दुसरं टोक धरलं.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये एकोप्याची बैठक.
एकोप्याच्या बैठकीला
आधीच एकोप्याने राहणारे येतात:
इमाम, व्हिकार, दोन शिक्षिका,
केक आणणारी ती आणि केक खाणारा मी-नाही-सांगत-कोण.
फक्त एनिड थ्रेल्कल्ड वेगळी,
वरच्या वसाहतीतून काठी टेकत आलेली.
म्हणाली, आमच्या गल्लीचा दिवा चार वर्षं बंद आहे.
अकरा पत्रं लिहिली. कोणी फिरकलं नाही.
यांनी एक रात्र आग लावली
आणि बघा, किती खुर्च्या मांडल्यात.
कोणी काही बोललं नाही.
मी वहीत 'दिवा' लिहिलं. त्याखाली दोन रेघा.

शुक्रवारी यादी आली.
शनिवारी कोण कोण येणार, बेचाळीस नावं.
सातवं नाव जेरेड.
माझ्या भावाचा.
त्याला सायकल मी शिकवली, याच रस्त्यावर;
पडला तेव्हा मोसद्दिकच्या बापाने
गोठलेल्या वाटाण्याची पिशवी गुडघ्यावर धरली होती,
आणि पोरगं वाटाणे आवडत नाहीत म्हणून
आणखी मोठ्याने रडलं होतं.
त्याला आठवत असेल का, कोण जाणे.
मी इन्स्पेक्टरला सांगितलं. सांगावंच लागतं.
तो म्हणाला, मग उद्या तू रस्त्यावर नकोस.

म्हणून शनिवारी मी पडद्यांसमोर.
चार कॅमेरे, गार चहा,
कानात डेनझिलचा श्वास.
आले तीस-पस्तीस. घोषणा, दोन बाटल्या,
एक जण स्वतःच्याच झेंड्यात अडखळला.
मशिदीच्या दाराशी बायका हात न धरता नुसत्या उभ्या,
व्हिकार त्यांच्यात, पावसाळी बूट घालून, ऊन असताना.

आणि तिसऱ्या कॅमेऱ्यात जेरेड
गर्दीतून बाजूला, टॅनर्स रोच्या भिंतीपाशी.
त्याने वरच्या विटेवर हात ठेवला.
मला त्याचा हात ओळखीचा, पंजा बापाचा.
त्याने वीट हलवली.
गुरुवारी रात्री आम्ही तिथे सिमेंट भरलं होतं.
वीट हलली नाही.
त्याने दुसरी हलवली. मग तिसरी,
मग इकडेतिकडे बघितलं
आणि भिंतीवर बसला.

तेवढंच. तो सुधारला असं मी म्हणत नाही.
दमला असेल. उन्हाचा तडाखा होता.
अहवालात मी लिहिलं: जखमी शून्य, अटक तीन.
भिंतीवर बसलेल्यांसाठी रकाना नाही.

आज मंगळवार. मोसद्दिकच्या फळ्या तशाच आहेत.
काढ की आता, मी म्हटलं.
तो म्हणाला, स्क्रू निघतात गं,
लाकडात भोकं राहतात ती कुठे ठेवू?
आत दिवा लावून दुकान चालू आहे.
एनिडच्या गल्लीचा अजून लागलेला नाही.